घराजवळचं झाड तोडण्याआधी: कोकणात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

कोकणात जागा घेतली किंवा वर्षानुवर्षं बंद असलेलं गावचं घर पुन्हा उघडलं, की मे महिन्यात झाडाचा प्रश्न हमखास पुढे येतो. फणसाची फांदी कौलांवर टेकलेली असते, रायवळ आंब्याच्या मुळांनी गडगा (कुंपणाची दगडी भिंत) फुगलेला असतो, नाहीतर शेजारच्या परड्यातली जांभूळ आपल्या विहिरीत पाला टाकत असते. मग एकजण सांगतो, "कसली परवानगी नि काय, मशीनवाल्याला बोलवा, तासाभराचं काम." दुसरा सांगतो, "हात लावू नका, फॉरेस्टवाले येतील." दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर असतं आणि नेमकं कुठलं अर्धं, ते नव्या माणसाला कळत नाही.

हा लेख रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरमालकांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे झाडाचं काम वनखात्याच्या टेबलावर अडतं त्यापेक्षा जास्त सातबाऱ्यावर अडतं. त्यामुळे माणूस बोलावण्याआधी, अर्ज लिहिण्याआधी, ताजा सातबारा काढा.

पायरी पहिली: झाड नक्की कुणाचं?

जमीन ज्याची, झाड त्याचं, हा सर्वसाधारण नियम. जमीन महसूल संहितेतही झाडांचा हक्क जमीनधारकाकडेच दिलेला आहे. पण कोकणात जमीनधारक म्हणजे एक माणूस क्वचितच असतो. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, खाली चार काका, दोन आत्या, त्यातले निम्मे वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नाही, हे चित्र घरोघरी दिसतं. सामायिक सातबाऱ्यावरचं झाड तोडायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती लागते. "आमच्यात तोंडी वाटणी झाली आहे, हा फणस माझ्याच वाट्याचा" हे घरात चालतं, कार्यालयात चालत नाही.

म्हणून काम पावसाळ्याआधी करायचं असेल तर संमतीची तयारी आदल्या गणपतीत करा. चाकरमानी गावी येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. तेव्हाच सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घ्या, सोबत ओळखपत्राच्या प्रती घ्या. कुणी परदेशात किंवा आजारी असेल तर त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो. वारस नोंद राहिली असेल तर ती आधी तलाठ्याकडे करून घ्या. झाड थांबेल.

जागा विकत घेतलेली असेल तर खरेदीखत पुन्हा एकदा वाचा. जुन्या व्यवहारांत जमीन एकाची आणि त्यातली अमुक झाडं दुसऱ्याची, असं सापडतं. हापूसची कलमं असतील तर ती कुणा बागायतदाराला काही हंगामांसाठी कराराने दिलेली नाहीत ना, हेही पाहा. मोहोर येण्याच्या तोंडावर तुम्ही फांद्या उतरवल्या तर तो नुकसानभरपाई मागणारच.

सातबाऱ्यावर आणखी दोन जागी नजर टाका. एक, भूधारणा पद्धत. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असेल तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करा. दुसरी जागा 'इतर हक्क'. तिथे 'खाजगी वन', 'वनसंज्ञा' (वन म्हणून गणलेली जमीन), देवस्थान किंवा कुळाची नोंद असेल तर नेहमीच्या अर्जाने काम होणार नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचं आणि वनसंज्ञेचं लचांड सिंधुदुर्गात तर गावोगाव आहे. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, गेळे, चौकुळ भागातल्या कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामायिक नावावरच्या) जमिनींचाही गुंता वेगळा. अशा जमिनीत घर असेल तर कागद घेऊन आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून या. आदिवासी खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांच्या विक्रीसाठीही वेगळा कायदा आहे. अशा माणसाकडून उभं झाड स्वस्तात घेण्याच्या फंदात पडू नका.

राहिला गडगा. जांभ्या दगडाचा गडगा दिसतो म्हणजे तीच कायदेशीर हद्द, असं समजू नका. पिढ्यान् पिढ्या गडगे सोयीने घातले गेले, ढासळले, पुन्हा हातभर इकडेतिकडे उभे राहिले. झाड गडग्याला लागून असेल आणि शेजाऱ्याशी जराही मतभेद असेल, तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीनंतर नकाशाची 'क' प्रत घ्या. पैसे जातात, वेळ जातो, पण तुटलेलं झाड परत चिकटवता येत नाही. बुंधाच हद्दीवर असेल तर दोघांची संमती हवी.

पायरी दुसरी: झाड यादीतलं आहे का?

ग्रामपंचायत हद्दीतल्या खासगी जमिनीला महाराष्ट्र झाडे तोडणे विनियमन अधिनियम, १९६४ लागू होतो. या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यातलं झाड स्वतःच्या परड्यात, स्वतःच्या हाताने लावलेलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. यादी अशी: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिवळा, हेदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवनातली (खाडीकाठच्या खारफुटीतली) झाडं.

कोकणातल्या घराभोवती यातली चार तरी असतातच. आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही माणसं स्वतः लावतात. ऐन आणि किंजळ बांधावर आपोआप येतात. आंबा म्हणजे फक्त हापूसचं कलम नव्हे, आंबट ढोण रायवळही त्यात आला. खैराच्या बाबतीत वनखातं जास्त डोळ्यांत तेल घालून पाहतं, कारण कातासाठी त्याची चोरटी तोड होते. परड्यात एकच खैर असला तरी त्याला गुपचूप हात लावू नका.

नारळ, सुपारी, काजू, रातांबा (कोकम), शेवगा या यादीत नाहीत. वड, पिंपळ, उंबरही नाहीत, आणि याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. पण यादीत नाही म्हणून वडावर मशीन चालवायला निघालात, तर कायद्याआधी गाव आडवा येईल. त्या वडाखाली कुणाचा तरी चाळा (श्रद्धेतली स्थळदेवता) असतो, राखणदार असतो, वटपौर्णिमेचे दोरे असतात. गुरव आणि मानकरी यांना विचारल्याशिवाय असल्या झाडाच्या वाटेला जाऊ नये. हा सल्ला श्रद्धाळू-अश्रद्धाळू सगळ्यांना सारखाच लागू आहे, कारण राहायचं त्याच गावात आहे.

रस्त्याकडेचं झाड तुमच्या फाटकासमोर असलं तरी तुमचं नाही. ते बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचं किंवा जिल्हा परिषदेचं असतं. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाचंही तसंच. समुद्र दिसावा म्हणून समोरचे चार सुरू उतरवणारे पर्यटन व्यावसायिक पाहिले आहेत. ती झाडं वारा आणि वाळू अडवतात, आणि सरकारी जागेतली असतात.

पायरी तिसरी: हद्द कोणाची?

रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा नगर परिषदांच्या हद्दीत घर असेल तर वरची यादी विसरा. तिथे नागरी क्षेत्रासाठीचा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा १९७५ चा कायदा चालतो आणि अर्ज नगर परिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा असतो. यात कुठल्या जातीचं झाड हा मुद्दाच नाही. माडसुद्धा परवानगीशिवाय पाडू नका. झाड जाळणं, त्याला इजा करणं हेही तोडण्यातच धरलं जातं. मोठ्या छाटणीलाही तिथे परवानगी घ्यावी.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता 'वारसा वृक्ष' ठरतं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूद आली. म्हणजे ६० वर्षांची चिंच काढायची तर ६० रोपं. सहा गुंठ्यांत ६० रोपं कुठे लावणार, हा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे.

दापोली, गुहागर, देवरुख, लांजा, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे या नगरपंचायती. तिथे आधी नगरपंचायतीच्या कार्यालयात विचारा आणि मग तेच पुढे कुठे जायचं ते सांगतील. पूर्वी ग्रामपंचायत होती म्हणून जुन्या माणसाचा सल्ला अजून जुन्याच कायद्याचा असू शकतो.

जिथे कोयता नेऊच नये

खाडीकाठी जागा घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तिवर, चिप्पी, कांदळ असलेला खाजणाचा भाग तुमच्या सातबाऱ्यात येत असला तरी तिथली एक फांदीही तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. भराव टाकून, बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की तिवर आपोआप मरतात, ही युक्तीही आता जुनी झाली. उपग्रहाच्या चित्रात ती दिसते. होडी लावायला वाट हवी असेल तर कांदळवन कक्षाकडे रीतसर विचारणा करा.

देवराईत वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नसते, हे बहुतेक गावांत सांगावं लागत नाही, नवीन माणसाला सांगावं लागतं. आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाचे कडक आदेश आहेत. तिथे "शेजाऱ्याने तोडलं, मग मी का नाही" हा विचार फार महागात पडतो.

पायरी चौथी: तोडायचं, की छाटून भागेल?

माझ्या अनुभवात तोडायला निघालेल्या दहातल्या सात-आठ झाडांचं काम छाटणीत भागतं. पन्हळीत पाला साचतो, कौलं फुटतात, सोलर पॅनेलवर सावली येते, वीज जायची भीती वाटते, या सगळ्या तक्रारी एकदोन फांद्यांच्या आहेत. बुंध्याने काही केलेलं नसतं. आणि पश्चिमेकडचं झाड काढल्यावर पहिल्याच वैशाखात पडवी कशी तापते, हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

खरोखर धोक्याचं झाड ओळखायच्या काही खुणा आहेत. बुंध्याच्या तळाशी अळंबी उगवली असेल तर आत लाकूड कुजतं आहे. खोडावर भोकं आणि खाली ओला भुसा दिसत असेल तर भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागली आहे. आंब्याला हा त्रास फार. झाड एका बाजूला कललं आहे आणि विरुद्ध बाजूची माती उचलली गेली आहे किंवा तिला भेग पडली आहे, तर ते पावसाळा काढेलच असं नाही. दोन मोठ्या फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात चीर आणि पाणी साठतं आहे, हेही वाईट. पण नुसतं तिरकं वाढलेलं झाड धोक्याचं नसतं. किनाऱ्यावरची झाडं वाऱ्यामुळे तिरकीच वाढतात आणि तशी पिढ्यान् पिढ्या उभी राहतात.

आंब्यावर, फणसावर बांडगूळ असेल तर ते काढायला कुणाची परवानगी नको, उलट ते काढलंच पाहिजे. फक्त ते ओढून काढू नका. फांदीत ते खोलवर शिरलेलं असतं, त्यामुळे चिकटलेल्या जागेच्या थोडं मागून, फांदीच्या तुकड्यासह कापा, आणि त्याला फळं धरायच्या आत कापा. नाहीतर पक्षी ती फळं खाऊन बी शेजारच्या सगळ्या झाडांवर नेऊन चिकटवतात.

छाटणी कशी करायची

आपल्याकडे फांदी तोडायची पद्धत म्हणजे वरून कोयत्याचे घाव. फांदी अर्धी तुटते, स्वतःच्या वजनाने खाली येते आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. त्या जखमेतून पाणी आणि भिरूड दोन्ही आत जातात. पाच वर्षांनी तोच बुंधा पोकळ निघतो आणि मग लोक म्हणतात, झाड म्हातारं झालं.

मनगटापेक्षा जाड फांदी करवतीने तीन कापांत उतरवा. पहिला काप खोडापासून फूटभर पुढे, खालच्या बाजूने, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे, वरून. फांदी इथे सुटते आणि साल सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड दिसते. त्या कडेच्या लगेच बाहेर कापा. कड खोडासकट कापली तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. कौलांवरची फांदी असेल तर आधी वरच्या फांदीवरून दोर घेऊन ती बांधा, मग कापा आणि हळूहळू खाली सोडा. मंगलोरी कौलं बदलणं आता स्वस्त राहिलेलं नाही.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांड्यात करायचं नाही. एका झाडासाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी पुरतं.

एका वर्षात झाडाच्या हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त काढू नका. शेंडा उडवून नुसता खांब उभा ठेवण्याला छाटणी म्हणत नाहीत. यादीतल्या झाडाचं असं केलं आणि ते वाळलं, तर वनखातं त्याला तोडच म्हणेल, आणि ते बरोबर आहे. बांधावरच्या ऐना-किंजळांची कवळं (पाल्याच्या डहाळ्या) भाजावळीसाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, तोडण्याची आपल्याकडची जुनी रीत पाहा. दरवर्षी डहाळ्या निघतात, झाड उभंच राहतं.

वेळ कोणती? धोक्याच्या फांद्या मेच्या आत उतरवा. पावसात चढू नका, ओल्या फणसावरून घसरलेल्या माणसाला जवळचं मोठं रुग्णालय दोन तासांवर असतं. जुन्या, उंच गेलेल्या आंब्याची मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर करावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनाचं तंत्र दिलेलं आहे. मधल्या उंच फांद्या काढून झाडाच्या पोटात उजेड पोचवायचा, हा त्याचा गाभा. एकदोन हंगाम फळ कमी येतं, हे आधी मान्य करा आणि तालुका कृषी कार्यालयातल्या माणसाला झाड दाखवून मगच काम काढा.

चढण्याआधी झाड पंधरा मिनिटं खालून पाहा. घरटं दिसतं का, ढोलीतून कुणी ये-जा करतं का? धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. उंच झाडावर समुद्री गरुडाचं काटक्यांचं मोठं घरटं असतं, ते वर्षानुवर्षं तेच जोडपं वापरतं. शेकरूचीही घरटी असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरटी आणि अंडी यांना इजा करणं गुन्हा आहे, तुमच्याकडे झाडाची परवानगी असली तरीही. आग्या मोहोळ असेल तर सगळाच बेत पुढे ढकला.

तारांजवळचं झाड

फांदी विजेच्या तारेपासून हातभर अंतरावर आहे, आकडीने ओढून घेऊ, हा विचारही करू नका. ओली काठी वीज वाहते, ओली फांदीही. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी कळवा किंवा १९१२ वर तक्रार नोंदवा. मान्सूनपूर्व कामांत ते तारांखालची छाटणी करतातच. तुमचा स्वतःचा माणूस काम करणार असेल तर लाईनमन समोर उभा राहून लाईन बंद करेल तेव्हाच. "वीज गेलीच आहे, आटपून घेऊ" हे तर सगळ्यांत घातक, कारण ती केव्हाही येते.

पायरी पाचवी: अर्ज

गावात यादीतलं झाड तोडायचं ठरलं, तर अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोक ज्याला रेंजर म्हणतात त्याच्याकडे करायचा. सोबत ताजा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), गटाचा नकाशा, सहहिस्सेदारांची संमतीपत्रं, ओळखपत्र, झाडाचे फोटो. फोटो तीन तरी द्या: पूर्ण झाड, बुंधा, आणि झाड व घर एकत्र दिसेल असा. अर्ज लांबलचक नको. एवढं पुरे:

"मौजे …, तालुका … येथील गट क्रमांक … ही जमीन माझ्या व सहहिस्सेदारांच्या नावे आहे. सदर जमिनीत घराच्या पूर्वेस अंदाजे … फुटांवर फणसाचे एक झाड आहे. त्याचा छातीच्या उंचीवरील घेर … सेंटिमीटर आहे. झाडाच्या बुंध्यास पोकळी असून ते घराच्या दिशेने कलले आहे. त्यामुळे जीवित व मालमत्तेस धोका आहे. तरी स्थळपाहणी करून सदर झाड तोडण्यास परवानगी मिळावी. लाकूड घरगुती वापरासाठी ठेवण्यात येईल."

छातीच्या उंचीचा घेर म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, साडेचार फुटांवर, टेप गुंडाळून घेतलेलं माप. लाकूड विकणार असाल तर शेवटचं वाक्य खोटं लिहू नका, तसं स्पष्ट लिहा. पुढे वाहतुकीच्या वेळी हेच वाक्य तपासलं जातं.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. या सेवेला किती दिवसांची मुदत आहे ते कार्यालयातल्या फलकावर पाहून तारीख टिपून ठेवा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याच कामासाठी आहे. नंतर वनपाल किंवा वनरक्षक पाहणीला येतो, झाड मोजतो, पंचनामा करतो. त्या दिवशी स्वतः हजर राहा. मुंबईहून फोनवर "ते डावीकडचं झाड" असं सांगून भलत्याच झाडावर नंबर पडू शकतो. मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जीविताला धोका असलेलं झाड असेल तर परवानगी नाकारू नये, अशीच या कायद्याची भूमिका आहे. त्यामुळे खरं कारण नीट दाखवलंत तर घाबरण्यासारखं काही नाही.

परवानगीशिवाय तोडलं तर दंड होतो आणि लाकूड जप्त होतं. १९६४ च्या मूळ कायद्यात हा दंड हजार रुपयांपर्यंतचा होता. २०२४ मध्ये तो ५० हजारांवर न्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा कोकणातून मोठा विरोध झाला. आज किती आकारतात ते रेंज ऑफिसात विचारून घ्या, पण दंड परवडतो म्हणून तोडू, असा हिशेब करू नका. जप्तीचा पंचनामा आणि त्यानंतरचे हेलपाटे त्या रकमेत धरलेले नसतात.

शेजाऱ्याचं झाड, आपली कौलं

फांद्या तुमच्या हद्दीत आल्या म्हणून झाड तुमचं होत नाही, आणि त्यांवरचे आंबेही होत नाहीत. आधी बोला, तेही सकाळी, एकट्याने, हातात मोबाइल न धरता. "काका, पावसाच्या आधी ही एवढी फांदी उतरवूया का, माणूस माझा, खर्च माझा, लाकूड तुमचं." या एका वाक्यावर बहुतेक प्रकरणं मिटतात. खर्च आपला सांगण्यात कमीपणा नाही, कौलांपेक्षा तो कमीच असतो.

ऐकलं नाही, तर साध्या कागदावर लेखी कळवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. गावात तंटामुक्त समिती चालती असेल तर तिच्याकडे जा. लेखी कागदाचा फायदा असा, की उद्या ती फांदी पडून नुकसान झालंच, तर आपण आधी सूचना दिली होती हे दाखवता येतं. चिडून आपल्या बाजूच्या फांद्या रात्रीत सपासप उतरवल्या आणि झाड यादीतलं असेल, तर तक्रारदार तुम्ही होतात ते आरोपी होता. मुळाशी मीठ, ॲसिड, हिंग असले प्रयोग करणारेही आहेत. झाड उभं वाळतं, पडतं मात्र कुणाच्या घरावर ते सांगून पडत नाही.

वादळात पडलेलं झाड

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासत गेलं. असं झाड पडलं की पहिला जीव वाचवा: त्यात तार अडकली असेल तर जवळ जाऊ नका, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. घरावर पडलेलं असेल तर हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा मागा. आधी साफसफाई करून नंतर भरपाई मागणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही. वाट मोकळी करायला फांद्या कापाव्या लागल्या तर कापा, पण बुंधा यादीतल्या झाडाचा असेल तर तो वनरक्षकाला कळवेपर्यंत जागेवर ठेवा.

तोड आणि लाकूड

घराजवळचं झाड मुळातून एकदम पाडायचं नसतं. शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने उतरवायचं असतं, आणि ते काम दोर लावून करणारी माणसं वेगळी असतात. माडावर चढणारा पाडेली फणसावर मशीन घेऊन चढायला तयार झाला तरी त्याला चढवू नका. मजुरी ठरवताना फांद्या, पाला आणि ओंडके कोण उचलणार, तेही ठरवा. नाहीतर खळ्यात महिनाभर ढीग पडून राहतो.

लाकूड व्यापारी "परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा" म्हणतो तेव्हा सावध व्हा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर सही देऊ नका. एका झाडाच्या परवान्यावर सहा झाडं जातात आणि जमीनमालक म्हणून उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. परवानगीत किती झाडं, कुठल्या जातीची, किती दिवसांची मुदत, हे आदेशात स्वतः वाचा. प्रत कामाच्या जागी ठेवा.

स्वतःच्या आवारात लाकूड ठेवायला काही लागत नाही, पण ते गाडीत घालून सॉमिलला किंवा दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतूक पास लागतो का, ते आधी विचारा. यादीतल्या झाडाच्या लाकडावर वनखातं हातोड्याचा शिक्का मारतं, मग पास मिळतो, आणि पासावर लिहिलेल्या तारखेत आणि त्याच रस्त्याने माल न्यायचा असतो. जुन्या फणसाच्या फळ्या दारांना सुरेख होतात, सॉमिलवाल्याकडे जाताना आदेशाची प्रत सोबत न्या. बांबूचं काम सोपं. २०१७ पासून वनाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या लेखी झाडच नाही.

बदली झाड

परवानगीत झाड लावण्याची अट असेल तर ती पुढच्या पावसातच पुरी करा, फोटो काढून ठेवा. लावताना यावेळी अंतर पाळा. आंबा आणि फणस दोन झाडांत १० मीटर मागतात, नारळ साडेसात, रातांबा सहा. गडग्यापासून निदान निम्मं अंतर सोडा, म्हणजे फणस हद्दीपासून पाच मीटर आत. घराला लागून सावली हवीच असेल तर रातांबा लावा. तो आटोपशीर वाढतो, आगळ-सोलांची सोय होते आणि तो यादीत नाही. रोप जगलं की ई-पीक पाहणीत त्याची नोंद करून टाका, ॲपमध्ये बांधावरच्या झाडांसाठी वेगळी जागा दिलेली आहे.